पाहिलं, वाचलं, रचलं

आमच्या ग्रुपमध्ये नव्या माणसाला जो कागद भरायला देतात, त्यातला तिसावा प्रश्न असा आहे: तू आजवर कोणाला पुरलंस? आधीचे एकोणतीस सोपे. गाव कोणतं, आज सकाळी काय खाल्लंस, जोडे किती आहेत, घरात उंदीर झाले की काय करतेस. तिसाव्याला मात्र जागा रिकामी सोडायची नाही, कारण आम्ही ज्या काळातली माणसं होऊन शेतात तंबू ठोकतो, त्या काळात कोणालाच न पुरलेलं माणूस सापडणं कठीण होतं.

आम्ही म्हणजे केंब्रिजच्या आसपासचे तीस-चाळीस हौशी लोक. बुधवारी संध्याकाळी एका गावच्या हॉलमध्ये जमायचं, आणि उन्हाळ्यात दोन दिवस एखाद्या शेतात सहा-सातशे वर्षांपूर्वीचं गाव उभं करायचं. कोणी लोहार होतो, कोणी पाव भाजते, एक निवृत्त दंतवैद्य गेली कित्येक वर्षं आनंदाने भिकारी होतो. लोक मुलांना घेऊन बघायला येतात, प्रश्न विचारतात, आणि आम्ही त्या त्या माणसाच्या तोंडून उत्तर देतो. हे माणूस प्रत्येकाने स्वतः घडवायचं असतं. त्याला पर्सोना म्हणतात.

मला तिथे ऑफिसातल्या एका बाईने नेलं. मी एका लॅबमध्ये डेटा तपासते, म्हणजे दिवसभर दुसऱ्यांच्या चुका काढते आणि त्याचा पगार घेते. नवरा म्हणाला, तुला हौस आहे तर खुशाल जा, मला ओढू नकोस. पहिलं वर्ष मी नुसतीच भांडी घासायला आणि तंबूचे दोर धरायला होते. दुसऱ्या वर्षी पर्सोना घडवायची वेळ आली तेव्हा एका सज्जन गृहस्थांनी सुचवलं की तू मिऱ्यांच्या व्यापाऱ्याची विधवा हो, लांबून आलेली, ते शोभेल. माझं डोकंच फिरलं. वीस वर्षं या देशात काढून शेवटी मी मिरीच विकायची का, असं मी भर हॉलमध्ये विचारलं. मला इथलीच बाई व्हायचं होतं, याच दलदलीच्या मुलखातली, लोकर कातून पोट भरणारी.

सगळे चहाच्या कपात बघायला लागले. तेव्हा आमचे तपासनीस बोलले. हे साठी उलटलेले गृहस्थ, जन्मभर लोकांच्या घरातले बॉयलर दुरुस्त केलेले, आणि आता ग्रुपमध्ये प्रत्येकाचा कागद तपासण्याचं काम त्यांच्याकडे. ते म्हणाले की कागदावर कातडीचा रंग विचारलेला नाही, मी बारा वर्षं तो तपासतोय, त्यात तो प्रश्नच नाही. मग पेन्सिल कानावर अडकवून घरी गेले. माणूस रुक्ष, पण त्या दिवसापासून मला पटला.

त्यांचा एकच हट्ट होता. कागदावरच्या प्रत्येक उत्तरापुढे तीन चौकोन असत: पाहिलं, वाचलं, रचलं. तुझी बाई कोबी शिजवते? कुठून कळलं? म्युझियममध्ये हंडी पाहिली असेल तर पहिल्यात खूण. पुस्तकात असेल तर दुसऱ्यात, आणि पुस्तकाचं नाव समासात. मनाने घातलं असेल तर तिसऱ्यात, पण तसं खुशाल कबूल करायचं. रचलेलं चालतं, खोटं सांगितलेलं चालत नाही, असं ते म्हणत. आणि रचलेलं त्या काळात बसलं नाही, तर पेन्सिलीने रेघ.

आणखी एक रिवाज सांगायला हवा, कारण पुढचं सगळं त्याच्याशीच आहे. कॅम्पच्या शेवटच्या दिवशी दुपारी चार वाजता, तंबू उतरवण्याआधी, सगळे गोल उभे राहतात आणि तपासनीस सगळ्यांच्या कागदांवरच्या मेलेल्या माणसांची नावं वाचतात. कोणाचा नवरा, कोणाची आई, कोणाची जुळी मुलं. सगळी कागदावरचीच, पण पहिल्या वर्षी ऐकताना माझ्या अंगावर काटा आला होता. दंतवैद्य तर स्वतःच रचलेल्या भावासाठी रडला.

तर माझी बाई. ती मला फार लवकर मिळाली. सकाळी ट्रेनमध्ये वीस मिनिटं मिळतात, तेवढ्यात मी वहीत लिहायचे. बत्तीस वर्षांची, नवरा गुराख्याचं काम करणारा, दारात विलोचं झाड, घरात एक बाक आणि दोन हंड्या. मी टकळीवर सूत काढायला शिकले, आधी गाठीच गाठी आणि मग जरा बरा धागा. पंधरा दिवसांत ती इतकी सवयीची झाली की ऑफिसच्या कँटीनमध्ये सूप घेताना, हे तिला आवडलं असतं, असा विचार यायचा. तिसाव्या प्रश्नापुढे मी दोनच शब्द लिहिले: एक मुलगी. आणि 'रचलं'मध्ये खूण केली.

मग चौकशी. म्हणजे हॉलच्या मधोमध बाकावर बसायचं आणि बाकीच्यांनी भराभर प्रश्न विचारायचे, तुम्ही त्या बाईच्या तोंडून न थांबता उत्तरं द्यायची. अडखळलात तिथे कागद कच्चा. मी काही अडखळत नव्हते. माझी टकळी चालू होती. मग तपासनिसांनीच विचारलं, कोणाला पुरलंस?

एक मुलगी, मी म्हटलं. नऊ दिवसांची.

नाव?

नाव ठेवलं नव्हतं.

कशी पुरलीस?

मिठात, मी म्हटलं. आणि मग माझं तोंड मला न विचारता बोलत गेलं. जाडं मीठ होतं, खडे असलेलं. पुडी माझ्या मांडीवर होती आणि फार जड होती, मांडीला रग लागली होती. आम्ही गाडीत बसून गेलो. गाडी उभी होती तेव्हासुद्धा थरथरत होती. एक झाड होतं, खाली ओढा होता. मला सांगितलं होतं की पुडी घट्ट धर, सांडू नकोस.

माझे हात मांडीवर ओंजळ केल्यासारखे झाले होते, ते मला नंतर दिसलं. मला तिथे नेणाऱ्या ऑफिसातल्या मैत्रिणीने गाडीत बसल्यावर सांगितलं की तू शेवटी फार बारीक आवाजात बोलत होतीस, एखाद्या लहान मुलीसारखी, मला भीती वाटली. मी म्हटलं, अगं अभिनय. मला स्वतःचं कौतुक वाटलं होतं, खोटं कशाला बोलू.

पुढच्या बुधवारी कागद परत मिळाला, तपासनिसांनी चौकशीतली माझी उत्तरं त्यावर 'रचलं'खाली उतरवलेली. त्यावर तीन रेघा. पहिली नावावर. त्या काळात मूल जन्मलं की त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये नेऊन त्याचं नाव ठेवत, आणि मूल जगेलसं वाटत नसेल तर सुईण स्वतःच पाणी शिंपडून नाव ठेवी, कारण बिननावाच्या मुलाला चर्चच्या आवारात जागा मिळत नसे. नऊ दिवस वाट बघणारी आई तेव्हा इथे नव्हती. दुसरी रेघ मिठावर. काही भागांत मढ्याच्या छातीवर मिठाची बशी ठेवत, ते पुढच्या काळातलं. पण मीठ घालून पुरणं त्यांनी कुठे वाचलं नव्हतं. तिसरी रेघ गाडीवर. उभी असलेली बैलगाडी थरथरेल कशाला, असं त्यांनी समासात लिहिलं होतं.

नावाची चूक कुठून आली ते मला लगेच कळलं. बारसं बाराव्या दिवशी, हे आपल्या हाडीमांसी मुरलेलं. सातशे वर्षं मागे जाऊन, देश बदलून, मी त्या बाईला बाराव्याची वाट बघायला लावलं होतं. स्वतःशी हसलेसुद्धा. पण मीठ?

मी त्यांना म्हटलं की मिठाचं मी वाचलंय, नक्की वाचलंय, पुस्तक शोधून देते. ते म्हणाले, शोध. कॅम्पला सहा आठवडे आहेत. तोवर आधार मिळाला नाही तर मीठ काढ. आणि मुलीला नाव दे, नाहीतर मुलगीच काढून टाक. नाव नसेल तर मी चार वाजता वाचू काय?

रास्त बोलणं होतं. त्यांनी वर त्या काळात घराघरांत असणारी चार नावंही लिहून दिली. मी त्यातलं एक लिहिलं आणि खोडलं. दुसरं लिहिलं, खोडलं. कागद मळला. सगळंच खोटं असताना एवढंच खोटं का वाटावं, ते कळेना. आणि मुलगी काढून टाकणंही जमेना. खोडरबर हातात घेऊन मी ट्रेनमध्ये बसायचे आणि स्टेशन यायचं.

मग मिठाच्या मागे लागले. लायब्ररीतून पुस्तकं आणली, मागची सूची बघून 'मीठ' तेवढं वाचलं. मासे खारवणं, लोणी खारवणं, मिठाचे रस्ते. मेलेलं मूल कुठेच नव्हतं. मी हट्टी आहे, माझ्या कामात मला असं अर्धवट सोडायची सवय नाही. पण खरं सांगायचं तर आता मी पुस्तकासाठी शोधत नव्हते. ती बाई मला सोडत नव्हती. किचनमध्ये भांडी विसळताना मांडीला तीच रग लागायची, उभी असताना. एकदा बसस्टॉपवर बस इंजिन चालू ठेवून थांबली, मी आत बसले, सीट थरथरली आणि मला रडू कोसळलं. का, तर काही नाही. समोरच्या बाईने टिश्यू दिला. मी दोन स्टॉप आधीच उतरले आणि चालत घरी गेले.

नवरा म्हणाला, तू ते सोड, तुझ्या डोक्याला ताप झालाय. मी त्याच्यावर खेकसले. पण मलाही वाटायला लागलं होतं की मी रचलेल्या बाईला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे, आणि ती सांगायला टपलीय.

त्यात आई आली. दर उन्हाळ्यात पुण्याहून येते ती, सहा महिन्यांच्या व्हिसावर, दोन बॅगा भरून. चौऱ्याहत्तर वर्षांची आहे, टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती, त्यामुळे इंग्रजी नीटस आणि आवाज खणखणीत. बाबा जाऊन आठ वर्षं झाली. मी त्यांची एकुलती एक. तिने माझा तो खरखरीत झगा बघितला आणि कपाळाला हात लावला. एवढी शिकलीस ती गोणपाट गुंडाळून शेतात बसायला का, सोड ती थेरं, असं म्हणाली. आणि मग, आई असल्यामुळे, माझी लिननची टोपी हिसकावून घेतली, की टीप किती वाकडी घातलीयस, आण इकडे.

तर ती मागच्या दारी खुर्ची टाकून टोपीला टीप घालत होती आणि मी समोर कैऱ्या चिरत होते. लंडनच्या एजवेअर भागातून दुसऱ्या एका मैत्रिणीने आणून दिल्या होत्या, आईने लोणचं घालायचं ठरवलं होतं. चिरून द्यायचं कबूल केलं होतं, मीठ लावायचं नाही. मीठ लावून ठेवलेल्या फोडी मला लहानपणापासून बघवत नाहीत. मळमळतं. आई त्याला नखरे म्हणायची.

तिने विचारलं, ही तुझी बाई कोण, काय, नवरा काय करतो तिचा. मी सांगत गेले. विलो, गुरं, टकळी. आई मध्येमध्ये टोकत होती, म्हणजे तिला गंमत वाटत होती. मग मी म्हटलं की तिची एक मुलगी वारलेली आहे, नऊ दिवसांची, आणि ती तिला मीठ घालून पुरते, आणि तिथेच माझं सगळं अडलंय.

आईची सुई थांबली. तिने टोपी मांडीवर ठेवली, दोरा दातांनी तोडला, टोपीची घडी घातली आणि आत निघून गेली. टीप अर्धीच होती.

दोन दिवस ती गुडघे दुखतात म्हणून खोलीत राहिली. जेवायला यायची, चांगलं झालंय म्हणायची, जायची. तिसऱ्या दिवशी नवरा कामाला गेल्यावर ती खाली आली. मी घरून काम करत होते, लॅपटॉप उघडा होता. तिने तो स्वतःच्या हाताने मिटला.

"हे तुला कोणी सांगितलं?"

मी म्हटलं, कोणी नाही, मी रचलंय.

"ते रचलेलं नाही," आई म्हणाली. "तू होतीस तिथे."

मग तिने सांगितलं. समोर न बघता, सलग, जणू कोणाचा तरी निरोप पोचवत असल्यासारखं. मी साडेतीन वर्षांची होते. आम्ही तेव्हा सोलापूरला राहायचो. मला बहीण झाली होती, एप्रिलच्या उन्हात. नवव्या दिवशी सकाळी ती दूध ओढेना, आणि डॉक्टर येईपर्यंत संपलं होतं. तान्ह्या मुलाला जाळत नाहीत, पुरतात, आणि मीठ घालतात. आई बाळंतीण, तिला उठू देईनात. शेजारची बाई तिच्यापाशी बसलेली. मला ठेवायचं कोणाकडे? आणि मी बाबांची पँट सोडायला तयार नव्हते. म्हणून बाबांनी रिक्षा केली, बाळ त्यांच्या हातात, आणि कोपऱ्यावरच्या वाण्याकडून घेतलेली मिठाची पुडी माझ्या मांडीवर. रिक्षावाला इंजिन चालू ठेवून थांबला होता. मी विचारलं एवढं मीठ कशाला, तर बाबा म्हणाले, लोणच्याला.

मी कैऱ्यांच्या बरणीकडे बघितलं. ती खिडकीत होती.

"परत आल्यावर तू माझ्या उशाशी आलीस," आई म्हणाली. "म्हणालीस, बाबांनी बाळाला मिठात ठेवलं. मी तुझ्या तोंडावर हात दाबला. म्हटलं, आपल्याकडे बाळ नव्हतंच. तीन दिवस तेच सांगत होते तुला. चौथ्या दिवशी तूच येऊन मला म्हणालीस, आई, आपल्याकडे बाळ नव्हतंच ना? मी म्हटलं, नाही. मग तू खेळायला गेलीस."

त्याच उन्हाळ्यात बाबांची पुण्याला बदली झाली. नव्या जागी कोणालाच माहीत नव्हतं. नातेवाइकांना ताकीद दिलेली, आणि त्या काळी ताकीद पाळली जायची. एकेचाळीस-बेचाळीस वर्षं दोघांनी एकमेकांजवळही तो विषय काढला नाही, असं ती म्हणाली. बाबा गेले ते तसेच गेले.

मला आईची दया यायला हवी होती. नाही आली, आधी राग आला. इतका की मी टेबलावरून उठले आणि बागेत जाऊन उगाच हातांनी गवत उपटत बसले. माझ्या डोक्यातून माझीच आठवण काढून टाकली होती यांनी, दात काढावा तशी, आणि वर मला नखरेल म्हणत होते. मग खिडकीतून आई दिसली. ती बसली होती तिथेच बसली होती, दोन्ही हात मांडीवर ओंजळ करून. ते बघून माझा राग कुठल्या कुठे गेला. मी आत जाऊन तिच्या पायाशी बसले आणि आम्ही दोघी रडलो. नीट, मोठ्याने, कोणी ऐकेल याची पर्वा न करता.

बऱ्याच वेळाने मी विचारलं, तिचं नाव काय ठेवणार होतीस?

"नाव नव्हतं. बाराव्याला ठेवतात. नवव्याला गेली."

पण ठरवलं असशील ना, मी म्हटलं.

"भाजी करपतेय," आई म्हणाली आणि उठली. गॅसवर भाजी नव्हतीच.

त्यानंतर तिने टोपीची टीप पूर्ण केली, माझ्यापेक्षा कितीतरी सुबक, पण त्या विषयावर चकार शब्द नाही. मी कागद काढला. मिठापुढची 'रचलं'मधली खूण खोडली आणि 'पाहिलं'मध्ये केली. गाडी मीच खोडून टाकली. नावाची जागा तशीच राहिली. तपासनिसांनी दिलेल्या चार नावांतलं एखादं लिहून मोकळं व्हावं, असं आता मनातही येत नव्हतं. खरी मुलगी होती ती. तिला दुसऱ्याचं नाव कसं देणार? आणि नाव नाही तर ती वाचली जाणार नाही, आपल्याकडे बाळ नव्हतंच हे पुन्हा एकदा, आणि या खेपेला माझ्या हातून.

कॅम्पच्या शेवटच्या दिवशी आई आली. येणार नाही म्हणत होती, मग नवऱ्याच्या गाडीत आधीच जाऊन बसली. सुती साडी, वर माझं फ्लीसचं जाकीट, पायात स्पोर्ट्स शूज. मी तिला माझ्या तंबूमागे घडीची खुर्ची दिली, लोकांना दिसणार नाही अशी, नाहीतर तपासनीस मलाच धरतील. पुढे मी टकळी घेऊन बसले. सकाळभर लोक येऊन गेले. कोणाला पुरलंस, असं सुदैवाने कोणी विचारलं नाही.

दोन वाजता तपासनीस पेन्सिल घेऊन आले. ते त्या दिवशी चर्चचे घंटावाले होते, पण पेन्सिल तीच. त्यांनी माझा कागद बघितला आणि 'पाहिलं'वरच्या खुणेवर बोट ठेवलं. कुठे पाहिलं?

मी सांगितलं. चार वाक्यांत झालं सगळं. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात धरली.

"म्हणजे गाडीचं इंजिन चालू होतं," ते म्हणाले. बॉयलरवाल्या माणसाने तेवढं बरोबर पकडलं. मग म्हणाले की गाडी तू काढलीस ते ठीक, मीठ राहू दे, पाहिलेलं मी कधी खोडत नाही. कागद उलटून पुन्हा सुलटा केला. त्यांना पुढचं बोलायला जड जात होतं हे दिसत होतं, पण ते बोलले. नाव लागेल. नावाशिवाय मला वाचता येणार नाही.

मी म्हटलं, मग ती राहू द्या. माझा आवाज पुन्हा तसाच बारीक झाला होता.

मागे खुर्ची करकरली. आई तंबूला वळसा घालून आली. तिने सगळं ऐकलं होतं; जन्मभर दुसऱ्यांची बोलणी कानावर घेतलेली बाई, कापडाच्या भिंतीआडून तिला ऐकू न यायला काय झालं. तिने तपासनिसांकडे बघितलंसुद्धा नाही.

"वाक," ती मला म्हणाली.

मी वाकले. तिने स्वतः शिवलेली टोपी माझ्या कानावरून मागे सारली, तोंड अगदी कानाशी आणलं, आणि बारशाला सांगतात तसं नाव सांगितलं. पाळणा नाही, आत्या नाही, घुगऱ्या नाहीत. तिचा श्वास गरम होता. मग सरळ उभी राहिली आणि म्हणाली, सांग त्यांना.

मी सांगितलं. त्यांना अक्षरं कळेनात, तेव्हा आईने तिच्या एक्स्चेंजच्या इंग्रजीत एकेक अक्षर सुटं करून दिलं, आणि त्यांनी ते माझ्या मळलेल्या कागदावर पेन्सिलीने नाही, पेनाने लिहिलं. ते नाव मी इथे लिहीत नाही. घरातही आम्ही ते अजून सहज घेत नाही.

चार वाजता सगळे गोल उभे राहिले. आईची खुर्ची मी माझ्या शेजारी आणून ठेवली, आणि कोणी काही म्हटलं नाही. तपासनिसांनी वाचायला सुरुवात केली. लोहाराची पहिली बायको. पाव भाजणारीचे दोन मुलगे, एकाच थंडीत. दंतवैद्याचा भाऊ. कधीच न जन्मलेली, म्हणून कधीच न मेलेली ती माणसं एकामागून एक जात होती, आणि त्यांच्यामध्ये तिचं नाव आलं. त्यांनी ते बरंच नीट म्हटलं. मधल्या दोन तासांत सराव केला असावा. नऊ दिवस, असं पुढे जोडलं.

आई उठून उभी राहिली. एका हाताने माझं मनगट धरलं आणि उभी राहिली, मान ताठ, शाळेत हजेरी घेताना मुलाऐवजी आईनेच ओ द्यावी तशी. तपासनीस थांबले. ती खाली बसेपर्यंत त्यांनी पुढचं नाव वाचलं नाही.

नंतर तंबू उतरवले. नवरा गाडी घेऊन शेताच्या फाटकापाशी आला, इंजिन चालू ठेवून थांबला. मी त्याला खिडकीतून सांगितलं की बंद कर. त्याने बंद केलं. आई मागे बसली, मी तिच्या शेजारी, माझ्या मांडीवर तो झगा आणि टोपी.

बराच रस्ता गेल्यावर ती म्हणाली, "हे दरवर्षी वाचतात?"

"मी ग्रुपमध्ये असेपर्यंत," मी म्हटलं. "सोडलं की कागद काढून टाकतात."

आईने टोपी उचलली, टिपेवरून अंगठा फिरवला आणि पुन्हा माझ्या मांडीवर ठेवली.

"मग सोडू नकोस," ती म्हणाली.